रुझारचा गुडघा

मयेच्या वळणावर माझं गॅरेज. पत्रे तीन,
चौथा मागच्या वर्षी वाऱ्याने तळ्यात नेला.
रुझारने बुलेट उभी केली,
उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला,
जणू कुणा दुसऱ्याचा पाय पोचवायला आणलाय,
आणि म्हणाला, "बटण बसव."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला.
चोडणच्या धक्क्यावर सगळ्या बटणवाल्यांना
"मिक्सर घेऊन फिरतात" म्हणून हसणारा पायलट हा.
गाडी सत्त्याऐंशी सालची, काळी,
पिवळा मडगार्ड दर चतुर्थीला माझ्याकडूनच रंगवून घेतलेला.

त्याची कीक मला पाठ होती.
डावीकडची बारकी कळ दाबायची,
पाय सावकाश खाली,
नजर हेडलाइटवरच्या सुईवर.
सुई मध्यावर आली की कळ सोडायची,
आणि मग सगळा देह एका टाचेत.
घाई केली तर गाडी उलट लाथ घालते.
एका नाताळाच्या आदल्या दिवशी तिने त्याचा घोटा मोडला;
प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या म्हणाला,
"चूक माझीच. मी दुसऱ्याच विचारात होतो."

नऊ दिवस लागले.
मोटर कोल्हापूरहून आली, बॅटरी मोठी घातली,
एक झाकण दोनदा कापावं लागलं.
दहाव्या दिवशी त्याने अंगठा टेकवला.
लागली.
इतक्या लगेच, की त्याला पुढे काय करायचं सुचेना.
"झालं?"
"झालं."
"मग ती कीक काढून टाक. पाय जातो तिकडे."
मी काढली नाही. बिलावर लिहिलं:
कीक, राहू दिली. रुपये शून्य.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.
रायबंदरची फेरी, सकाळचे सव्वाआठ,
मागे मंदाकिनी फडते, पिग्मीवाली,
मांडीवर सुट्ट्या नाण्यांची बॅग.
रॅम्प टेकला, पोरं भुर्रकन गेली,
रुझारचं बटण म्हणालं: टक्.
पुन्हा म्हणालं: टक्.
मागे पावाची व्हॅन, तिचा भोंगा,
आणि बोटीवरचा माणूस दोर हातात घेऊन बघत उभा.

फडतेबाई उतरल्या. बॅग त्याच्या हातात दिली.
ओढणी कमरेला.
तो सांगू लागला, "आधी ती कळ..."
"सतरा वर्षं मागे बसून काय करतेय? गप बस, हँडल धर."

तो म्हणतो तिसऱ्या कीकला लागली.
त्या म्हणतात पहिल्या.
मांडवीला जाऊन मी विचारत बसत नाही.
त्या दिवशी त्यांनी भाडं निम्मंच दिलं,
"निम्मं काम माझं," म्हणाल्या,
आणि त्याने ते मोजून घेतलं.

त्याच संध्याकाळी तो आला. मी तारा उघडल्या,
एक टोक सैल होतं, दोन मिनिटांचं काम.
आवळलं. बटण दाबलं. लागली.
बंद केली, पुन्हा दाबलं, पुन्हा लागली.

रुझार बाकड्यावर बसून
गुडघ्याला कसलंसं तेल चोळत होता.
बराच वेळ चोळत राहिला.
मग मान वर न करता म्हणाला,
"फडतेबाईला सांगू नको हां."