गुणाकार

आधी गुणाकार करायचा असतो.
रोजच्या सिगारेटी गुणिले वर्षं.
दोनशे भरले तर विमा तुमचा हात धरतो,
खाली राहिलात तर नुसता वाकून नमस्कार.

कुशिरोच्या बंदरामागे, दुसऱ्या मजल्यावर आमचा दवाखाना.
खिडकीतून बर्फाचा कारखाना दिसतो, म्हणजे
धुकं नसेल त्या दिवशी दिसतो.
तिथूनच आले कुनिएदा तोकिझो,
वय एकसष्ट, रबरी बूट, दोन बोटांना मोहरीचा रंग.
वीस गुणिले बेचाळीस.
आठशे चाळीस, मी म्हणाले.
शाळेत एवढे कधी पडले नव्हते, ते म्हणाले.

त्याच आठवड्यात नूडलच्या दुकानातली शिमेनो आली होती.
सहा गुणिले वीस. एकशेवीस.
म्हणजे अजून थोड्या ओढून येऊ?
ती हसली.
मी फॉर्म पालथा घातला आणि तिला एक रंगीत पत्रक दिलं.

सही लागते: मी स्वेच्छेने सोडत आहे.
तोकिझोंनी शिक्का उमटवला, वर फुंकर घातली,
तेवढ्यातही तंबाखूचा वास आला.
बारा आठवडे, पाच भेटी,
खर्चाचे सत्तर टक्के विम्याचे, तीस तुमचे.
खोकला शंभर टक्के घरचा.

माझ्या बोलण्यालाही इथे गुण मिळतात.
पहिल्या भेटीला जास्त, मग उतरत जातात,
महिनाअखेरीस त्यांचे येन होतात.
काय बोललीस, हे कोणी विचारत नाही.
मी विचारलं होतं, दिवसाची पहिली कधी लागते?
पहाटे तीनला, म्हणाले.
बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं की
कोणाशी बोलता येत नाही,
म्हणून आधी तिच्याशी बोलून घ्यायचं.

नळीत फुंकण्याआधी सांगावं लागतं, दम धरा.
पंधरा अंक होईपर्यंत.
मग यंत्र श्वासातला धूर मोजतं.
अठ्ठावीस.
पुढच्या खेपेला सहा.
तिसऱ्या खेपेला दोन, आणि त्यांनी
तो आकड्याचा कागद मागून घेतला, बारीक घडी केली,
खिशातल्या राखेच्या डबीत ठेवला. डबी रिकामी होती.

चौथ्या भेटीला आले नाहीत.
पाचव्याही.
फोन केला तेव्हा कळलं, रात्रपाळी बंद झाली.
तीनला जाग येते, म्हणाले,
आणि आता कसलाच आवाज नसतो.

नियम असा की पुन्हा विम्यातून यायचं
तर पहिल्या तारखेपासून वर्ष उलटायला हवं.
म्हणजे अकरा मे. आत्ता ऑगस्ट.
तोवर फुप्फुसांनी काय करायचं,
ते परिपत्रकात नाही. मी दोनदा वाचलं.

हल्ली बुधवारी येतात, बूट काढून
बाकाच्या टोकाला बसतात. तपासायचं नाही, म्हणतात.
मी जवाचा चहा ओतते.
ते बर्फाचं सांगतात. लादी बाहेरून गोठत येते,
पाण्यातली हवा आत आत सरकते,
शेवटी मधोमध धुरासारखं पांढरं अडकून राहतं.
म्हणून गाभा गोठायच्या आधी
ते उरलेलं पाणी नळीने ओढून काढायचं, नवं ओतायचं.
मग लादीच्या आरपार वर्तमानपत्र वाचता येतं.
आणि उशीर झाला तर?
तर ती माशांवर घालायची, म्हणाले. मासे तक्रार करत नाहीत.

ह्या बोलण्याला गुण नाहीत.
मी कुठे नोंदवत नाही, नोंदवायला रकानाच नाही.
गुण येतोय का, तेही मला सांगता येणार नाही.
शिमेनोने मात्र परवा सांगितलं, रोज चारच.
मी मनातल्या मनात गुणाकार केला
आणि चूक केल्यासारखी गप्प बसले.

जाताना तोकिझोंनी डबी काढली, उघडली,
खाली रस्त्यावर जाऊन ओढणार होते, लपवलं नाही.
घडीचा कागद अजून आतच होता,
कडेला राख लागलेला.
दोन.
अजून वाचता येत होतं.