बिनलवीची पट्टी

अक्कलकोट रोडच्या ऑफिसात
तीन कारखान्यांच्या याद्या एकत्र केल्या.
एकीत चारशे बारा कामगार
एकाच ओळीत, न तुटलेले.
दुसरीत नावागणिक एक रिकामी ओळ.
तिसरीत नरसव्वा चिलवेरी
दिसते, पण शोधली की सापडत नाही;
आडनावाच्या शेपटाला
न दिसणारं काहीतरी चिकटलेलं.

बोनस अडला म्हणून ती स्वतःच आली.
स्क्रीनकडं बघत म्हणाली,
"मागावरनं टावेल सलगच उतरतोय की.
मधी बिनलवीची पट्टी, तिथं कापायचं.
कुणाचा माग दोन बोटं सोडतो, कुणाचा एक,
गज्जमचा तर नुसता दोरा.
आधी हात फिरवायचा, मग कात्री."

सगळ्या खुणा एकसारख्या केल्या.
मग कापलं.
शेवटच्या नावापुढं खूणच नव्हती.

तोही टावेलच.