घसा

पाटीवर सहाचा आकडा नव्हताच.
आमच्या मैदानावर आजवर तो लागलाच नव्हता.
फणसे मास्तरांनी नऊचा पत्रा उलटा टांगला
आणि सातव्या गोलनंतर खडू शोधायला म्हणून गेले
ते परत आलेच नाहीत.

रावपुरा स्पोर्टिंग शून्य. आणंदचे सात.
पोलो ग्राउंडवर, आपल्याच माणसांसमोर,
आणि राजवाड्याच्या घुमटावर ऊन इतकं देखणं की
त्या उन्हाचाही मला राग आला.

रात्री शालननं ताट वाढलं. शेव-उसळ.
म्हटलं, भूक नाही.
"खेळले ते, हरले ते,
उपास तुम्ही का धरताय?"
तिचं चूक नव्हतं.
मी अंथरुणावर पडून गोल मोजत होतो.
पहिला ऑफसाइड होता. होताच.
दुसऱ्याला गवत ओलं होतं.
तिसरा नशिबाचा.
चौथ्यापासून कारणं संपली
आणि तीन गोल उरले,
उशाशी बसून राहिले.

सकाळी काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो.
खाली विश्वामित्रीत मगर पडलेली,
जबडा सताड उघडा, हलायचं नाव नाही.
आमचा बचाव आठवला.
स्कूटरवरून जिग्नेशभाई ओरडले,
"जवा दो ने, काका!"
जाऊच तर दिलं आम्ही.
सातही वेळा.

त्यांना उत्तर द्यायला तोंड उघडलं
तर आवाजच निघाला नाही.
कालचा बसला होता.

लोकांना वाटेल, पोरांना धीर देऊन बसला.
एकतीस वर्षं बघतोय हा संघ,
रेल्वे वर्कशॉपची शिफ्ट बदलून बदलून पाहिला,
धीर कसा देतात ते ठाऊक आहे मला.
पण चौथ्यानंतर मी गोलच्या मागे गेलो,
जाळीला दोन्ही हातांनी धरलं
आणि हेरंबला एक शब्द बोललो.
तो इथं लिहीत नाही.
त्याचे वडील माझ्याच खात्यात होते,
डबा एकत्र खायचो.

हेरंबनं वळून पाहिलं.
एकदाच.
पाचवा गोल तेव्हा झाला.
हे मी शालनलाही सांगितलेलं नाही.

दांडिया बाजारात औषधाची दुकानं पुष्कळ.
पहिलं बंद आहे असं मी मनाशी म्हटलं.
उघडं होतं. दुसरंही होतं.
लकडी पुलाशी शिर्के मेडिकलच्या पायरीवर
चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं
थोडा वेळ घालवला, मग वर चढलो.

काउंटरवर तोच.
उजव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली.
मी गळ्याकडे बोट दाखवलं.
"घसा?" म्हणाला.
मान हलवली.
"कधीपासून?"

खरंच विचारत होता की काय, कळेना.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

स्टुलावर चढून त्यानं वरचा डबा ओढला
तशी एक पट्टी निसटली,
आणि न बघता, डाव्या हातानं,
गुडघ्याशी, हवेतच,
झेलली.

दोघांनीही त्या हाताकडे पाहिलं.
एक बाई लहान मुलाचं ग्राइप वॉटर मागत होती,
तिला आधी दिलं. सुटे मोजले.
मग माझी पट्टी कात्रीनं अर्धी कापून
पुढे सरकवली.
"चघळायच्या. दिवसातून चार.
गरम पाण्याच्या गुळण्या.
आणि ओरडायचं नाही, काका."
काका म्हणाला.
"रविवारपर्यंत सुटेल."

एक गोळी तिथेच तोंडात टाकली.
ज्येष्ठमध, आणि मागून काहीतरी कडू.
रविवारी गोध्र्याला मॅच आहे.
म्हणायचं ते राहूनच गेलं, पण
बस किती वाजता, एवढं तरी विचारावं म्हणून
ओठ हलवले.
आवाज नाही. नुसती हवा.

ग्राइप वॉटरचं बिल फाडता फाडता
वर न बघता तो म्हणाला,
"साडेसात. इथूनच, पुलाशी."