फळ्या झटक

जिनिंगच्या काट्यापासून हापिसापर्यंत एकशे बारा पावलं.
मधे सरकीचा ढीग, ट्रॅक्टरांची रांग,
आणि रोज दिवेलागणीला रोशन मेंढुले,
खिशात पेनड्राइव्ह, त्याला लाल नाड्याची गाठ.
एकदा तो सरकीत पडला.
पेनड्राइव्ह. रोशन नाही.
दोन दिवस सगळ्यांनी सरकी चाळली.
तिसऱ्या दिवशी उरकुडे बाबू मला म्हणाले,
"तू वर्ध्याले कम्प्युटर शिकली ना? मंग?"

त्या "मंग?"चं उत्तर लिहायला मला अकरा रात्री लागल्या.

निळी वायर कडूनिंबाच्या फांदीवरून नेली,
खारीनं एकदा कुरतडली, पुन्हा जोडली.
पडद्यावर साधी चौकट, दोन बटणं.
पाठवा. थांबा.
आधी एकाच यंत्राशी खेळले,
त्यानंच पाठवायचं, त्यानंच घ्यायचं,
एकटं पोर दोन्हीकडून अष्टाचंगा खेळतं तसं.
मग दार नेमलं, पाच हजार पाच नंबरचं.
हापिसातलं यंत्र त्या दाराला कान लावून बसायचं,
काट्यावरचं हाक मारायचं,
आणि पंख्यात अडकलेला कापूस दोघांनाही धाप लावायचा.

अख्खी फाइल एका खेपेत जात नाही.
तिची पोती करावी लागतात,
एकेक उचलायचं, पल्याड टाकायचं.

पाठवले एकवीस हजार पाचशे चौदा बाइट.
पोचले वीस हजार चारशे ऐंशी.
पाच पोती भरून आली,
सहावं, अर्धमुर्धं, कुठंच नाही.
उघडून पाहिलं तर शेवटच्या तेरा गाड्या गायब,
दिवस बुडता बुडता आलेल्या.
बिबाबाई कोडापेंची बंडी, चार क्विंटल साठ किलो,
जणू फाटकातून आत आलीच नव्हती.

बाबा या काट्यावर एकतीस वर्षं मापारी होते.
आता मोतीबिंदू. पडद्यावरचं त्यांना दिसत नाही,
पण ताटात थांबलेला माझा हात दिसतो.
मी सांगितलं, पोती, खेपा, दार, असंच सांगितलं,
बाइटचं नाव काढलं नाही.
ते भाकर चावत राहिले, बराच वेळ.
"बंडी खाली झाली म्हून लगेच फाटक लावत असशीन तू.
आधी फळ्या झटक, पोरी.
कोपऱ्यात मूठ-दोन मुठी रायतेच.
पोतं भरलं नाही म्हून त्याले कोनी उचलतच नाही."

हात न धुताच उठले.
दार लावायच्या ओळीआधी एक ओळ घातली,
उरलंसुरलं झाडून दे, मगच लाव.
आणि बाबांच्याच सवयीनं
माल निघताना एकदा तोलला,
पोचल्यावर पुन्हा.

एकवीस हजार पाचशे चौदा.
एकवीस हजार पाचशे चौदा.

उरकुडे बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला,
नाक पडद्याला टेकवून
एकेका नावावर बोट ठेवत खाली गेले.
बिबाबाईंपाशी थांबले.
"आली," म्हणाले.
मग खिडकीतून ओरडले,
"रोशन, ते लाल नाड्याचंबी आन बाप्पा, असू दे!"

रोशन आला एकशे बारा पावलं,
अंगभर कापसाचे तंतू, चहाची वेळ साधून.
पेनड्राइव्ह काट्यावरच विसरून आला होता.