तिसरी प्रत

हवल्लीत माझं टायपिंगचं दुकान,
लाँड्रीच्या वाफेला लागून.
इकामा, फॅमिली व्हिसा, लायसन्सचा अर्ज.
लोक येतात आणि चार ओळींत माणूस सांगतात:
नाव, बापाचं नाव, जन्मगाव, मुदत.

काल संध्याकाळी शुवेखच्या गॅरेजांतले आर्मेनियन आले,
पाचजण, नखांत ग्रीस.
पुढे सेरोप, गिअरबॉक्सवाला.
मागे आराक्सीबाई, शाळेत भूगोल शिकवतात.
म्हणाले, येरेवानला पाठवायचंय, आमच्या पुढाऱ्यांना.
एक प्रत इंग्रजीत, एक अरबीत.
तिसरी आमची आम्ही हातानं लिहू,
ती अक्षरं तुझ्या यंत्रात नसतील.

मी सवयीनं सुरुवात केली: विनंती की...
'विनंती नको,' सेरोप म्हणाला.
'थोडी असू दे,' बाकीचे म्हणाले.
दहा मिनिटं त्यांच्या भाषेत भांडण.
लाँड्रीवाला डोकावून गेला.
शेवटी ठरलं: मागणी.
वीस वर्षं या बोटांनी त्या शब्दाला हात लावला नव्हता,
दोनदा चुकलो.

मग आराक्सीबाई सांगत गेल्या, मी बडवत गेलो:
सीमेवरची एकही वाट, एकही झरा, एकही दफनभूमी
कुणाच्या टेबलावर सुटे पैसे म्हणून ठेवू नका.
तुम्ही थकला असाल तर तसं सांगा,
पण थकव्याला शहाणपण म्हणू नका.

टोनर बदलताना मी विचारलं, गाव कुठलं तुमचं?
सेरोप हसला. जन्म अलेप्पोचा, बाप बेरूतचा,
आज्याचं गाव नकाशावर आहे, पण दुसऱ्याच नावानं.
येरेवानला एकदाच गेलो, आठ दिवस, हॉटेलात.
वेटरनं विचारलं, साहेब, कुठून आलात?

मग हे सगळं...
माझं वाक्य अर्धंच राहिलं.
आराक्सीबाई म्हणाल्या,
गेलं ते आम्ही मागतच नाही रे.
उरलंय तेवढं राखा, म्हणतोय.

दुसऱ्या पानावर तो शब्द आला: सार्वभौमत्व.
बाणकोटच्या शाळेत दोन गुणांचा प्रश्न होता,
व्याख्या लिहा.
मी पाठ केली होती, दोनपैकी दोन.

अब्बांनी पाठ केली नव्हती.
नव्वदच्या ऑगस्टात ते फहाहीलच्या बेकरीत पीठ मळत होते.
पहाटे देश होता,
पाव भाजून निघेतो नव्हता.
खिशातले दिनार नुसते छापील कागद.
वाळवंटातून, जॉर्डनच्या तंबूंतून
ते घरी पोचले ते बेकरीची किल्ली घेऊन.
अम्मीनं ती मिठाच्या बरणीत ठेवली.
देश सात महिन्यांत परत आला.
अब्बा दोन वर्षांनी.
कुलूप बदललेलं होतं.

यातलं मी काही बोललो नाही.
पण आराक्सीबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या,
मी तेव्हा इथेच होते.
एक शिपाई वर्गात आला, भिंतीवरचा नकाशा उतरवून घेऊन गेला.
पोरांनी विचारलं, टीचर, आता आपण कुठे राहतो?
काय सांगितलंत?
म्हटलं, वह्या उघडा.

एकशे त्रेचाळीस सह्या.
प्रत्येकीपुढे पत्ता, आणि प्रत्येक पत्ता
पोस्ट बॉक्स.
एका देशासाठी हट्ट धरून बसलेली माणसं
आणि त्यांचं घर म्हणजे टपालातला एक लोखंडी कप्पा.
माझाही तसाच आहे. नंबर जवळचाच.

शेवटच्या पानावर सेरोपचा अंगठा उमटला,
काळा, ग्रीसचा, बरोब्बर समासात.
मी म्हटलं, पुन्हा काढून देतो, पैसे नकोत.
त्यानं कागद हातातून ओढून घेतला.
राहू दे.
त्यांना कळू दे, पत्र कामावरून सुटून लिहिलंय.

ते गेले. तिसरी प्रत रात्री कुणाच्या तरी
जेवणाच्या टेबलावर लिहिली जाणार होती,
ताटं बाजूला सारून.
दाराशी एक पोरगा कधीचा उभा होता,
व्हिसा रद्दचा फॉर्म घेऊन.
मी विचारलं, नाव?
मग, बापाचं नाव?
जन्मगावापाशी माझी बोटं
जरा वेळ थांबली.