वारा पडल्यावर

डाव्या पायाला मी नाव ठेवलंय.
नावं तर बेटावर सगळेच ठेवतात,
माझं एकच आहे, रीतसर: हेक्टर.
खरा हेक्टर आमच्या धक्क्यावरचा दोरवाला.
फेरीबोट लागली, माणसं उतरली, गुरं उतरली,
की मग हा यायचा दोर झेलायला.
पायाचंही तेच.
मी दाराबाहेर पडलेली असते
आणि तो मागून उंबऱ्याला ठेचकाळत,
आलो, आलो म्हणत.

मार्चमध्ये गुडघ्यावर पाणी ठिबकू लागलं.
गार, एकेक थेंब.
हात लावावा तर कोरडं ठणठणीत.
एरलंडने माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे,
आणि शिडी लावून वर चढला.
छपराच्या दोन पाट्या खरंच फुटलेल्या निघाल्या.
आता छप्पर गळत नाही.
गुडघा गळतो.
अबर्डीनहून विमानाने येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
नवीन काही?
म्हटलं, पाट्या छान बसल्यात.
त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं.

उजव्या डोळ्याला विली रेंडलचा ट्रॅक्टर लाल दिसतो,
डाव्याला उकडलेल्या कोळंबीसारखा.
तीस वर्षं तो त्या लालीला पॉलिश करतोय.
मी आपलं खरं ते सांगून टाकलं.
आठवडाभर बोलला नाही.
मग कुंपणापाशी येऊन, टोपी काढून, हळूच:
आणि माझं नाक?

एकदा चहा हवा होता,
तोंडातून निघालं, बिशपला चुलीवर ठेव.
एरलंडने ठेवलं. न विचारता.
तेव्हापासून घरात किटलीला दुसरं नाव नाही.
पाहुणे असले की तेवढं जपावं लागतं,
विशेषतः बिशप ओरडायला लागला म्हणजे.

आणि ते टॉर्किलच्या अंत्यविधीचं.
ते सांगायचं नव्हतं.
प्रार्थनेला मान खाली घातली
तशी मानेतून टाचेपर्यंत वीज गेली,
आणि तिच्यामागोमाग हसू.
दुःख नव्हतं असं नाही, होतं, घशाशीच होतं,
पण आत कुणीतरी तारा उलट्या जोडल्यात,
रडूचं बटण दाबलं की हसू पेटतं.
रुमाल तोंडात कोंबला. बाक हलू लागला.
पुढच्या ओळीतून त्याची बायको मॉड वळली,
बघत राहिली,
आणि तिचेच खांदे गदगदू लागले.
नंतर कबरीच्या कडेला माझा दंड धरून म्हणाली,
बरं झालं बाई.
पाद्रीबाबा त्याला सज्जन म्हणाले तेव्हापासून
मी दाबून धरलं होतं.

रात्री तीन वाजता यातलं काही विनोदी नसतं.
फासळ्यांभोवती कुणी पट्टा आवळत जातं,
एक भोक, आणखी एक भोक,
आणि मी शेजारच्या श्वासाला धक्का न लावता
छतावरच्या त्या दोन पाट्या मोजते.
दोनच आहेत. पुन्हा मोजते.

सकाळी वारा असतो, हे आमच्या बेटाचं पुण्य.
झाड नावालाही नाही, त्यामुळे तो थेट समुद्रावरून येतो
आणि सगळं गाव तिरपं चालतं:
पोस्टमन तिरपा, शाळेतली पोरं तिरपी,
कुत्रीसुद्धा एका अंगावर कललेली.
त्यात माझं तिरपं कुणाला दिसणार?
नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात,
इथे अंगण खरंच वाकडं आहे, मी काय करू?

काल दुपारी मात्र अचानक
समुद्र काचेसारखा झाला.
धूर सरळ वर. सगळं गाव सरळ.
भर रस्त्यात वारा पडला.
मीही.

विली धावत आला, हात पुढे केला,
आणि काय बोलावं ते न सुचून म्हणाला,
हेक्टर का?
हेक्टरच, म्हटलं.
आज मात्र अगदी वेळेवर पोचला.