बर्फाच्या पोटातलं पांढरं

होळी होऊन आठ दिवस झाले.
लाखांदूर रोडवरच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळीला मी एकटाच,
आणि मिठाच्या पाण्यात उभे बुडवलेले
एकशे वीस डबे.
अमोनियाचा वास मला आता येत नाही,
घरी बायकोला येतो.

मोबाईल ड्रमला टेकवून बघत बसलो होतो
कुठल्याशा थंड देशातली
ज्युनिअर पोरींची स्केटिंगची स्पर्धा.
कशी लागली ठाऊक नाही. कबड्डी शोधत होतो.

आधी मी पोरींकडे बघितलंच नाही.
बर्फ बघितला.
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसलग,
कुठे बुडबुडा नाही,
मधेच एक गाडी येते, पाणी पसरत जाते,
आणि खरवडलेलं सगळं पुन्हा काचेसारखं.

बावीस वर्षं मी बर्फ करतोय.
माझ्या लादीच्या पोटात दरवेळी पांढरं राहतं.
पाणी बाहेरून गोठत येतं,
हवा मागे सरकत सरकत मधे जाते
आणि तिथंच कोंडते.
मालक म्हणतो, मासळीला काय फरक पडतो.

मग ती आली, एस्टोनियाची.
वय पंधरा. नाव लीस की लीसे, नीट ऐकू आलं नाही,
कॉम्प्रेसर घरघरत होता.
पहिलीच उडी, हवेत गिरक्या,
आणि आपटली.
आवाज ओळखीचा.
आकड्यातून लादी सुटते तेव्हा असाच येतो.
पण लादी उठत नाही.

ही उठली. गाणं थांबलं नव्हतं,
ते चार पावलं पुढे गेलेलं,
तिने ते पुढच्या वळणावर गाठलं,
सुटलेली एसटी धावत गाठावी तसं.

जपानची पहिली, कोरियाची दुसरी, ही तिसरी.
पहिली रडत होती.
दुसरी केसातली पिन सारखी करत होती.
तिसरीने पायरीवरून उतरल्यावर खाली वाकून
उघडा तळहात बर्फाला लावला
आणि मग तळहाताकडे बघितलं.
काय बघितलं, ते मला माहीत आहे.
जळल्यासारखं लाल होतं तिथे.

चार वाजता प्रणोती वलथरे आली.
बाप तलावावर जाळं ओढतो,
ही थर्माकोलचे डबे घेऊन येते बर्फाला.
दहावीला आहे. आज भूगोल.
आकडा लावून तिने लादी ओढली,
ओल्या फरशीवर लादी सुटली, तीही सुटली सोबत,
एक पाय वर,
चपलेच्या टाचेने दारापाशी वळवली
आणि उंबऱ्याला बरोबर थांबवली.
हे ती रोज करते.
मी कधी नंबर दिला नाही.

म्हटलं, ये, हे पाय.
तिने पदराच्या ओढणीला हात पुसले, पाहिलं.
"एवढा बर्फ बाप्पा,
अन् एक मासा नाही त्याच्यावर!"
मग म्हणाली, "पडली तरी तिसरी कशी काय?"
म्हटलं, बाकीच्या जास्त पडल्या असतीन.
"एस्टोनिया कुठी हाय?"
तुमच्या पुस्तकात नाही का?
"आमाले ब्राझीलच हाय."

"पडली तेवढं पुन्हा दाखवा."
दाखवलं.
"पुन्हा."
तिसऱ्यांदा ती स्क्रीनवर वाकली:
"उठताना हात टेकतच नाही पोट्टी.
गुडघ्यावरून उठते."

टोच्या मारून मी लादी फोडली.
पांढऱ्यातूनच फुटली, तिथूनच फुटते.
चुरा डब्यांत भरला, वर गोणपाट.
लुना तिसऱ्या किकला सुरू झाली.

फाट्यावर मोह वेचायला निघालेल्या बाया
तिच्यासाठी बाजूला झाल्या,
आणि डब्याच्या फटीतून पाण्याची बारीक रेघ
डांबरावर तिच्यामागे वळत गेली.

मी आत येऊन एकोणीस नंबरचा डबा वर ओढला.
अजून गोठला नव्हता.
पेपर अकराला आहे तिचा.